‘च’खालची रेघ : समुपदेशनाचा माझा अनुभव

२०२४ ची भोगी होती. अप्पांनी डाव्या हाताने तिसऱ्यांदा चमचा बाजूला सारला. मऊ भात हनुवटीवरून बनियनवर ओघळला. वाटी माझ्या हातून सुटली, असं मी नंतर घरात सगळ्यांना सांगितलं. पण ती सुटली नव्हती, मी भिंतीवर फेकली होती. अप्पा दचकलेसुद्धा नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, “चल चल.” झटका आल्यापासून त्यांच्याकडे एवढेच दोन शब्द उरले होते. भूक लागली तरी चल चल, दुखलं तरी चल चल.

२०२३ च्या मार्चमध्ये त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. गुठळी मेंदूच्या डाव्या बाजूला झाली होती, त्यामुळे शरीराची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्यांनी अख्खी नोकरी मुलांना मोठ्याने पाढे म्हणायला लावण्यात घालवली, त्यांची वाचा गेली. आई आधीच गेलेली. दादा पुण्यात. मी सांगलीत एका पतसंस्थेत क्लार्क आहे, म्हणून अप्पा माझ्याकडे आले, आणि ते मी आनंदाने केलं, हेही खरं. मग दिवसाला एक रूप आलं. पहाटे पाचला डायपर, स्पंजिंग, नाश्ता भरवणं. दहा ते सहा नोकरी, तेवढा वेळ घरी मावशी. संध्याकाळपासून पुन्हा मीच. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची. नवरा मदतीला उठायला तयार असायचा, पण मीच म्हणायचे, “राहू द्या, तुम्हाला जमणार नाही.”

भोगीच्या त्या रात्री सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरात बसून १४४१६ हा नंबर लावला. ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. मी काही बोललेच नाही, बराच वेळ नुसती रडत होते. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. शेवटी त्या म्हणाल्या, आजची रात्र निघेल, पण तुम्हाला कुणाकडे तरी नियमित जायला हवं. पुढच्या आठवड्यात अप्पांच्या फिजिओथेरपिस्टने एका समुपदेशक मॅडमचा नंबर दिला. तो नंबर अकरा दिवस माझ्या पर्समध्ये पडून होता.

ते अकरा दिवस मनात काय काय होतं, ते मुद्दाम लिहिते, कारण तिथेच बहुतेक जण अडकतात असं मला वाटतं. मला वेड लागलंय की काय? ऑफिसात कळलं तर? वडिलांचं करताना मुलीला कंटाळा येतो हे परक्या बाईला सांगायचं, आणि वर पैसे मोजायचे? आणि ती सांगून सांगून काय सांगणार, ‘पॉझिटिव्ह विचार करा’? तसं सांगणारे नातेवाईक माझ्याकडे भरपूर होते.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत फोन केला. मॅडमनी आधी मलाच विचारलं, “ताई, तुम्हाला माझ्याबद्दल काय विचारायचंय?” मला काही सुचेना, तर त्यांनीच सांगितलं : शिक्षण काय, कुठे काम केलं, एक बैठक पन्नास मिनिटांची, फी आठशे रुपये. आणि लगेच म्हणाल्या, “जड जात असेल तर बोला, त्यावर मार्ग काढता येतो.” मी लाजत पाचशे म्हटलं, त्या हो म्हणाल्या. एक गोष्ट त्यांनी अगदी स्वच्छ सांगितली. त्या डॉक्टर नाहीत, औषध देत नाहीत. औषधाची गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतील. ते परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून दाखवता येतं. आपली हद्द स्वतःहून सांगणारं माणूस मला विश्वासाचं वाटलं.

पहिल्या बैठकीत कागद होता, सहीचा. मी जे बोलेन ते बाहेर जाणार नाही. अपवाद तीनच : माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर, लहान मुलावर अत्याचार होत असेल तर, किंवा कोर्टाने माहिती मागितली तर. ते त्यांनी वाचून दाखवलं, नुसतं ‘इथे सही करा’ म्हटलं नाही. मग त्यांनी विचारलं, “आज इथून उठताना काय थोडंसं हलकं झालेलं हवंय?” मी म्हटलं, मला चिडायचं नाहीये. परत कधीच नाही. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

त्यानंतरचे प्रश्न मला अपेक्षित नव्हते. झोप किती तास, सलग किती. जेवण कधी, उभ्याने की बसून. पाळी कशी आहे. रक्त शेवटचं कधी तपासलं. आणि मग, आवाज जराही न बदलता : “मरून जावं असं कधी वाटतं का?” मी म्हटलं, मरावं असं नाही, पण सकाळ होऊच नये असं वाटतं. हे वाक्य मी त्याआधी कुणाजवळही बोलले नव्हते. त्यांनी आणखी दोन-तीन प्रश्न विचारून नीट खात्री करून घेतली, आणि तसा विचार बळावला तर कुणाला फोन करायचा ती तीन नावं माझ्याच हाताने कागदावर लिहून घेतली. मग त्यांनी बावीस प्रश्न वाचून दाखवले. आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यावर किती भार आहे हे मोजायची ती प्रश्नावली असते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण अठ्ठ्याऐंशी. माझे अठ्ठावन्न आले. या मापात एकेचाळीस ते साठ म्हणजे भार मध्यम ते तीव्र. बरं वाटलं म्हणावं की काय, पण खरंच बरं वाटलं. माझ्या थकव्याला मोजमाप असतं, तो माझा दुष्टपणा नव्हे, हे पहिल्यांदा कळलं.

पहिला गृहपाठ होता फॅमिली डॉक्टरांकडे जाण्याचा. हिमोग्लोबिन ९.२ निघालं. बाईचं बारा तरी असावं. म्हणजे मनाच्या कामाला गेलेल्या मला सुरुवात लोहाच्या गोळ्यांपासून करावी लागली! मॅडम म्हणाल्या, रक्त कमी, झोप तुटक, अशा शरीराकडून शांतपणाची अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे.

दुसऱ्या वेळी त्यांनी एक दोनशे पानी वही माझ्यापुढे ठेवली आणि चोवीस तासांचं काम अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहायला लावलं. एकदा नाही, आठवडाभर. मग तीन खुणा करायच्या : हे मीच करू शकते, हे दुसरं कुणी करू शकतं, हे नाही केलं तरी चालेल. मी जवळजवळ सगळ्यापुढे पहिली खूण केली होती. त्यांनी वाद घातला नाही. एकेका ओळीवर बोट ठेवून विचारत गेल्या. रात्री दोनची कूस कोण बदलू शकतं? नवरा. त्यांना येत नाही. शिकवलंय? नाही. कोण शिकवेल? फिजिओ. कधी येतात? गुरुवारी. मग या गुरुवारी साहेबांना घरी थांबायला सांगाल? बास, एवढंच. नवरा पंधरा मिनिटांत शिकला. उशी पाठीमागे कशी लावायची, खांदा न ओढता कसं वळवायचं. त्या रात्री मी सलग चार तास झोपले. दहा महिन्यांत पहिल्यांदा.

मग आलं ते ‘च’चं प्रकरण. भाताच्या वाटीवर आम्ही एक अख्खी बैठक घालवली. घडलं काय, त्या क्षणी मनात काय बोलले, आणि नंतर काय झालं, असे तीन रकाने वहीत आखले. मधल्या रकान्यात मी लिहिलं : ‘मी एवढं करते तर अप्पांनी नीट खाल्लंच पाहिजे. मुलीला वडिलांचा राग येताच कामा नये. हे सगळं मलाच जमलं पाहिजे.’ मॅडमनी पेन्सिल घेतली आणि फक्त ‘च’च्या खाली रेघा ओढल्या. तीन वाक्यं, तीन रेघा. “आता हीच वाक्यं ‘च’ काढून वाचा.” मी मोठ्याने वाचलं. अप्पांनी नीट खाल्लं तर बरं होईल. राग न आला तर बरं. मला जमलं तर बरं. वाचता वाचता खांदे खाली आले, हे मला त्या खोलीत बसल्या बसल्या जाणवलं.

हे कुठून आलं, असं मी विचारलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ही पद्धत मांडली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती ‘विवेकनिष्ठ’ या नावाने रुजवली, असं त्या म्हणाल्या. घटना आपल्याला जेवढी छळते, त्याहून जास्त तिच्याबद्दलचा आपला हट्ट छळतो, हा तिचा गाभा. मला मात्र ती माझ्या भाषेतल्या एका अक्षरात सापडली. आजही कुकर लावताना मनात ‘झालंच पाहिजे’ आलं की मी त्या ‘च’खाली रेघ ओढते.

सगळ्यात अवघड होतं दादाशी बोलणं. आमच्यात भांडण नव्हतं, पण दहा महिन्यांत मी त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं आणि त्याने काही विचारलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, मी दादा होते, तुम्ही बोला. मी सुरू झाले, “तुला काय, तू पुण्यात सुखात...” त्यांनी हात वर केला. “यात दादाने नेमकं काय करायचं ते मला कळलं नाही.” परत. “तुला अप्पांची काही पडली आहे की नाही?” परत हात वर. पाचव्या की सहाव्या खेपेला माझ्या तोंडून साधं वाक्य निघालं : “दादा, मी थकलेय. मावशींच्या पगारातला निम्मा वाटा तू दे, आणि महिन्यातले दोन शनिवार-रविवार अप्पांजवळ ये.” वहीत लिहून घेतलं, रविवारी तेच वाचून फोन केला. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मला वाटलं तू सगळं सांभाळतेयस.” पैसे पुढच्या महिन्यापासून आले. दोन शनिवार-रविवार मात्र झाले नाहीत, एकच झाला, तोही दर महिन्याला नाही. त्याचं मला वाईट वाटतं. पण मागितल्याशिवाय तेवढंही मिळालं नसतं.

सगळं सरळ गेलं असं नाही. एप्रिलमध्ये मी मॅडमवरच चिडले. म्हटलं, तुमच्या वह्या आणि रकाने ठीक आहेत, पण अप्पा माझं नाव घेत नाहीत, त्याला कुठला रकाना? त्या गप्प बसल्या. पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “त्याला रकाना नाही. ते दुःख आहे. आज आपण काही लिहायला नको.” त्या दिवशी मी पन्नास मिनिटं फक्त अप्पांबद्दल बोलले, झटक्याच्या आधीच्या अप्पांबद्दल. सकाळी दाढी करताना आरशात बघून आम्हा भावंडांना पाढे विचारायचे, चुकलं की ब्रश हवेत थांबायचा. मॅडमनी दोन गोष्टी सुचवल्या. वाचेसाठी स्पीच थेरपिस्टना दाखवा, ते माझं काम नाही. आणि दिवसातली दहा मिनिटं अशी ठेवा की ज्यात तुम्ही अप्पांचं काहीही करणार नाही. औषध नाही, भरवणं नाही, पुसणं नाही. नुसतं शेजारी बसायचं.

सुरुवातीला ती दहा मिनिटं मला फार लांब वाटायची. हात शिवशिवायचे. स्पीच थेरपिस्टनी सांगितलं की अशा रुग्णांना मनातलं बोलता येत नाही, पण आयुष्यभर घोकलेलं, मोजणी, वार, प्रार्थना, हे कधीकधी तोंडातून सहज येतं. त्या संध्याकाळी मी पलंगाशेजारी बसले आणि म्हटलं, “बे एके.” अप्पांनी माझ्याकडे बघितलं. “चल चल.” बरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. किती दिवस गेले ते वहीत आहे, बावीस. मी म्हटलं, “बे दुणे,” आणि त्यांचं तोंड वाकडं झालं, ओठ थरथरले, आणि घोगरा, ओला, पण चुकूनही दुसरा म्हणता येणार नाही असा शब्द आला : “चार.”

नवरा दारात उभा होता. आम्ही दोघंही काही बोललो नाही. मी पुढे म्हटलं, “बे त्रिक.”

आता मी मॅडमकडे महिन्यातून एकदा जाते. डिसेंबरमध्ये बावीस प्रश्न पुन्हा सोडवले, अठ्ठावन्नाचे सदतीस झाले. अजून चिडते. मागच्या महिन्यात एकदा मोठ्याने ओरडलेही, पण नंतर अप्पांजवळ जाऊन “चुकलं माझं” म्हणाले आणि दहा मिनिटांसाठी बाहेर अंगणात फिरून आले, ठरल्याप्रमाणे. पतसंस्थेतल्या एका मैत्रिणीची सासू आता अंथरुणाला खिळली आहे. ती परवा जेवणाच्या सुट्टीत विचारत होती, तिथे गेल्यावर नक्की काय करतात गं? मी तिला वही दाखवली, रेघा ओढलेल्या ‘च’सकट. मग नंबर लिहून दिला, आणि म्हटलं की फोन इथेच कर, मी शेजारी बसते.