टायपिंगची परीक्षा आणि पहाटेची झोप

सध्या आमच्याकडे लालबागला भाची राहायला आलीय, मराठी टायपिंग ३० ची (म्हणजे मिनिटाला ३० शब्दांची) परीक्षा द्यायचीय तिला. रात्री एकपर्यंत कीबोर्डची खटखट आणि सहाच्या बॅचसाठी पाचचा अलार्म, का तर म्हणे स्पीड वाढत नाही. अगं, स्पीड झोपेत वाढतो म्हटलं तर "मावशी, काहीही हं!"

काहीही नाही. २००२ साली हार्वर्डमध्ये मॅथ्यू वॉकर, रॉबर्ट स्टिकगोल्ड वगैरे झोपेचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी जवळजवळ टायपिंगचाच प्रयोग केला होता. उजव्या हाताची सवय असलेल्या लोकांना डाव्या हाताने ४-१-३-२-४ ही बटणं जमेल तितक्या फास्ट दाबायला लावली, ३० सेकंद दाबा, ३० सेकंद थांबा, असं १२ वेळा. सकाळी शिकलेल्यांची रात्री टेस्ट घेतली तर फारसा फरक नाही, पण तेच लोक झोपून उठले आणि स्पीड साधारण २० टक्क्यांनी वर, चुका न वाढता, मधे जादा प्रॅक्टिस न करता!

त्याहून भारी म्हणजे पुढे असं दिसलं की फायदा सगळीकडे सारखा होत नाही, बोट जिथे अडखळत होतं तिथेच जास्त होतो. आता भाचीचं अडखळायचं ठिकाण बघा. रेमिंग्टन कीबोर्डवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, 'किती' मारायचं तर आधी पहिली वेलांटी, मग क, मग त, मग दुसरी वेलांटी. एक वेलांटी अक्षराच्या आधी, दुसरी नंतर, तोंड एक बोलतं आणि बोटांना वेगळ्याच क्रमाने पळायचं असतं. दर वेळी तिथेच गाडी अडते, आणि मग ही रात्री एक वाजता तेच पन्नासदा घोटत बसते.

आणि कापते काय, तर पहाटेची झोप. त्या हार्वर्डवाल्यांना सुधारणेचा संबंध दिसला तो दुसऱ्या टप्प्यातल्या झोपेशी, खास करून रात्रीच्या शेवटच्या भागातल्या. ही तशी हलकी झोप, मेंदूत स्पिंडल नावाच्या लहरींचे छोटे छोटे झटके येतात ती. मुंबईत नेमका हाच तुकडा आधी जातो, नळाला पाणी, डबे, पहिली लोकल, कारणं काय कमी आहेत का! माझं मत विचाराल तर बॅच संध्याकाळची घ्यावी आणि रात्री अकराला कीबोर्ड बंद.

"मग जास्त प्रॅक्टिस करून भरून काढीन ना," हे तिचं उत्तर. २०१४ मध्ये न्यूयॉर्कला उंदरांना फिरत्या दांड्यावर चालायला शिकवलं होतं, जे झोपले त्यांच्या मेंदूत पेशींच्या जोडांचे नवे कोंब जास्त फुटले, आणि जागं ठेवलेल्यांना जादा सराव देऊनही ती तूट भरली नाही. बिचारे उंदीर.

हे सगळ्यांना पटलेलं आहे असं मात्र नाही हां. काही संशोधक म्हणतात की प्रॅक्टिसच्या शेवटी बोटं दमलेली असतात, सकाळी ती ताजी होतात म्हणून स्पीड जास्त दिसतो, सगळं श्रेय झोपेला कशाला. मुद्दा रास्त आहे. २०१९ मध्ये तर अमेरिकेतल्या एका अभ्यासात सुरुवातीची बरीचशी सुधारणा चक्क प्रॅक्टिसच्या मधल्या १० सेकंदांच्या विश्रांतीत झालेली दिसली. हे भाचीला लगेच पटलं, कारण यात लवकर झोपावं लागत नाही. क्लासचे सर मात्र हात थांबला की मागून "चला, चला" करतात म्हणे.