आमची वाटचाल : ठिबकच्या नळीपासून काळ्या दाण्यापर्यंत

आमचा व्यवसाय जळगावच्या औद्योगिक वसाहतीत 2004 साली एका ग्राइंडरवर सुरू झाला. रावेर, यावल आणि चोपडा भागांतील केळीच्या बागांतून निघालेली ठिबकची जुनी नळी विकत घ्यायची, धुऊन तिचा चुरा करायचा आणि तो वितळवून दाबाने बाहेर काढणाऱ्या एक्स्ट्रूडर यंत्रातून काळा दाणा, म्हणजे नव्या पाइपचा कच्चा माल, काढायचा, हेच आमचे काम होते आणि आजही तेच आहे. ठिबकची नळी दिसते एकसारखी, परंतु तिच्या आत क्षार बसलेले असतात, माती चिकटलेली असते, पाणी थेंबथेंब सोडणारा ड्रिपर वेगळ्या मालाचा असतो आणि जोडणीचे तुकडे तर बहुधा तिसऱ्याच प्लास्टिकचे असतात. पीव्हीसीचा तुकडा टाकीत बुडतो, म्हणून तो सापडतो. पीपी (पॉलिप्रोपिलीन) मात्र एलडीबरोबरच, म्हणजे नळीच्या मऊ पॉलिथिनबरोबरच, तरंगते, त्यामुळे तेथे पाणी उपयोगाचे नाही, हातच लागतो. माल निवडणाऱ्या आमच्या मावशी तुकडा दोन्ही अंगठ्यांखाली वाकवतात. तो कडक राहिला किंवा वळणावर पांढरा पडला, तर दुसऱ्या टोपलीत जातो. त्यांच्या तेवढ्या हालचालीवर आमचा सगळा भाव उभा आहे.

2019 मध्ये आमच्याच वसाहतीत एकाने आमच्यापेक्षा किलोमागे सहा रुपये कमी दराने दाणा विकायला सुरुवात केली. तो पूर्वी आमच्याकडेच माल भरून न्यायचा. आमचे ग्राहक, आमचे दर आणि आमची भट्टी त्याने जवळून पाहिली होती. जाताना तो आमचे दोन ऑपरेटरही घेऊन गेला. सहा रुपयांचा फरक प्रामाणिक मालात निघूच शकत नव्हता, हे मी ओळखले होते, कारण वीज, वितळलेला माल गाळायच्या जाळ्या आणि ग्राइंडरची पाती आम्हा दोघांना सारख्याच दराने मिळत होती. त्याच्या दाण्यात वजन वाढवणारी स्वस्त कॅल्शियमची पावडर भरलेली होती. तरीही चार महिन्यांत आमचे पाच ग्राहक तुटले, आणि जे राहिले त्यांनी उधारी वाढवली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, त्याच सुमारास कच्च्या तेलाचे भाव कोसळले आणि नवा दाणाच इतका स्वस्त झाला की जुन्याला कोणी विचारेना. गोदामात अठरा टन माल पडून होता. पत्नीचे दागिने गहाण ठेवून मी पगार केले. एक्स्ट्रूडर विकायचा म्हणून माणूसही बोलावला होता.

त्या काळात भुसावळचे अण्णा आमच्याकडे आले. ते शेतीसाठी काळी पाइप बनवत आणि पहिल्या वर्षापासून आमचा दाणा घेत. त्यांनी दोन स्टीलचे पेले मागवले, दोन्हींत पाणी भरले, एकात आमच्या दाण्याची मूठ टाकली आणि दुसऱ्यात खिशातल्या पुडीतली. आमचा दाणा वर राहिला, पुडीतला तळाशी गेला. "भाऊ, माझी पाइप उन्हात फुटून शेतकऱ्याने परत आणली. स्वस्ताच्या नादात मीच चुकलो," असे म्हणून त्यांनी सहा टनांचे पैसे आगाऊ दिले. एक्स्ट्रूडर वाचला तो त्या पैशांमुळे. ज्याने पावडर विकली त्याने आजवर कोणाचीही भरपाई केलेली नाही, आणि ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

आजच्या अडचणी निराळ्या आहेत. 1 ऑक्टोबर 2021 पासून प्लास्टिकच्या भंगारावरचा जीएसटी 5 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. शेतकरी आणि फेरीवाला बिल देत नाहीत, त्यामुळे खरेदीवर वजावट मिळत नाही आणि विक्रीवरचा कर पूर्ण भरावा लागतो. बिल न फाडणारा तेथेही आमच्यापुढे जातो. प्लास्टिक कचऱ्याच्या 2022 च्या नियमांनी आपल्या वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आणि पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना, किती प्लास्टिकवर प्रक्रिया केली याची प्रमाणपत्रे त्या उत्पादकांना विकण्याची सोय दिली, हे चांगलेच झाले. परंतु ती प्रमाणपत्रे वेष्टनाच्या प्लास्टिकची आहेत, ठिबकची नळी त्यांत मोजली जात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत 2023 मध्ये लाखो बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली, तेव्हा खरा माल काढणाऱ्याकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. तरी 2025-26 पासून कडक वेष्टनात 30 टक्के पुनर्प्रक्रिया केलेला माल वापरण्याचे बंधन आल्याने चांगल्या दाण्याला मागणी राहील, म्हणून आम्ही खताच्या रिकाम्या गोण्यांसाठी वेगळी धुलाई सुरू केली आहे.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणांना मी आवर्जून सांगतो की, यंत्र घेण्याआधी किमान सहा महिने वर्गीकरणाच्या पाटावर बसावे. छत्रपती संभाजीनगरच्या सिपेट या केंद्र सरकारच्या संस्थेत प्लास्टिकचे शिक्षण मिळते, आणि प्रयोगशाळेत वितळप्रवाह, म्हणजे वितळलेला माल किती सहज वाहतो ते, तपासता येणाऱ्या मुलाला आज आमच्यासारख्या कारखान्यांत चांगले काम आहे. तसेच नोंदी, कर आणि प्रमाणपत्रांचे पोर्टल सांभाळणाऱ्यांचीही गरज आहे. मात्र ज्याला नळी वाकवून ओळखता येत नाही, त्याच्या हाती मी भट्टीची चावी देत नाही. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पदविकाधारकाचे पहिले तीन महिने मावशींच्या हाताखाली जातात, आणि तो पास झाला की नाही हे त्याच ठरवतात.