धुरानं काळं झालेलं मडकं

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या सान इल्देफोन्सो पुएब्लोची (पुएब्लो म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं गाव) काळी भांडी पाहिली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, रंग कुठला लावलाय? रंग नाहीच. लाल मातीचं भांडं कोंडलेल्या धुरात काळं होतं. तिथल्या कुंभार मारिया मार्टिनेझ (१८८७–१९८०) भांडी वळायच्या, पती हुलियन नक्षी काढायचे. चकाकत्या काळ्यावर मंद काळी नक्षी त्यांना १९१९ च्या सुमारास साधली. १९४३ मध्ये हुलियन गेले आणि नक्षीचं काम सून सांताना यांच्याकडे आलं.

तिथं चाक नाही. उथळ बशीत तळ बसवून वर वळ्या चढवायच्या, मग खरवडून भिंत पातळ करायची. मातीत ज्वालामुखीची राख मिसळतात, म्हणजे वाळताना तडा जात नाही. कोल्हापुरात करायचं तर बापट कॅम्पला मिळणारी गणपतीची शाडू नको. ती न भाजायच्या मूर्तींची. मडक्याची माती घ्या. चार भाग मातीला एक भाग चाळलेली बारीक रेती घालून दहा सेंटिमीटरची पट्टी करा. वाळून नऊच्या खाली आली तर रेती वाढवा.

खरी परीक्षा घोटण्यात आहे. लोहयुक्त लाल माती पाण्यात पातळ कालवून तिचे दोन-तीन हात द्यायचे आणि ओल असतानाच गुळगुळीत गोट्यानं घासायचं. एका बैठकीत पूर्ण झालंच पाहिजे. मध्ये थांबलात की वाळलेल्या कडेचा पट्टा राहतो आणि सगळं खरवडून पुन्हा सुरुवात. असे गोटे तिथल्या घरांत आईकडून लेकीकडे जातात. नक्षी घोटलेल्या भागावर पातळ मातीनं काढायची आणि ती घोटायची नाही, म्हणून ती मंद राहते. त्यांच्या नक्षीतला जलसर्प उचलू नका, तो त्यांच्या श्रद्धेचा आहे. आपल्याकडे चैत्रांगणातली चिन्हं आहेत.

भाजणी दिवाळीनंतर, कोरड्या हवेतच. पावसाळ्यात भांडं वरून वाळलेलं दिसतं, आतली ओल वाफ होऊन ते फोडते. लोखंडी जाळीवर भांडी पालथी, वर पत्रा, भोवती शेणी. ताव ६५०–७०० अंश सेल्सिअसच्या आसपासच ठेवायचा. जास्त चढला तर चकाकी मरते. ताव आला की कोरड्या लिदीचा बारीक भुगा एकदम ओतून सगळं झाकायचं. हवा बंद झाली की मातीतलं तांबडं लोह काळं पडतं, काजळी छिद्रांत शिरते. जिथून धूर निसटतो तिथं तांबूस डाग पडतो, म्हणून फट दिसताच त्यावर भुगा टाका. पूर्ण गार होईपर्यंत उकरू नका. हे भांडं पाणी झिरपवतं. पाण्याला किंवा चुलीवर वापरू नये.