कोऱ्या माध्यमाचा हट्ट

मॉन्ट्रियलला इथे एक नियम आहे, आणि मराठवाड्यातून आलेल्या माणसाचं तो ऐकून डोकं सटकतं. पेशी बाहेर सोडतात त्या पुटिका, म्हणजे पटलाच्या अतिसूक्ष्म पिशव्या, वेगळ्या करताना पेशी न वाढवलेलं कोरं कल्चर माध्यमसुद्धा (पेशी वाढवायचा द्रव) सगळ्या टप्प्यांतून फिरवायचं. अर्धा दिवस यंत्र अडकवून हाती काय, तर काही नसल्याचा पुरावा!

पण नियम खरा आहे. २००८ साली इथल्याच मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की ग्लायोमाच्या (मेंदूतल्या गाठीच्या) पेशी ईजीएफआरव्हीथ्री हा बिघडलेला रिसेप्टर पुटिकांत भरून बाहेर सोडतात. तो नसलेल्या शेजारी पेशी त्या पुटिका घेतात आणि त्यांच्यात मॅप कायनेज, एकेटी हे संदेशमार्ग पेटतात. टीजीएफ-बीटा हा ग्रोथ फॅक्टरही (पेशींना वाढीचे संदेश देणारं प्रथिन) पुटिकांच्या पाठीवर बसून जातो.

आता हाच टीजीएफ-बीटा कल्चरला घातलेल्या बोवाइन सीरममध्येही असतो, आणि त्यात गाईच्या पुटिका आयत्याच. म्हणून सीरम आधी सेंट्रिफ्यूजमध्ये १,००,००० जीला (गुरुत्वाच्या इतक्या पट जोराने) रात्रभर फिरवायचं, तरी थोड्या उरतातच. त्या किती, ते कोरं माध्यम सांगतं. पेशींवरून काढलेलं माध्यम ३०० जीला १० मिनिटं, २,००० जीला २० मिनिटं, १०,००० जीला अर्धा तास, मग १,००,००० जीला ७० मिनिटं. गाळ पीबीएस या खारट बफरमध्ये धुऊन पुन्हा ७० मिनिटं. वहीत नुसता आरपीएम लिहू नका, रोटर (नळ्या धरणारा फिरता भाग) बदलला की जी बदलतो. गाळात सीडी६३, सीडी८१ ही पुटिकांच्या खुणेची प्रथिनं दिसावीत, पेशीच्या आतलं कॅलनेक्सिन दिसू नये. दिसलं तर फुटलेल्या पेशींचा कचरा आलाय.

रुग्णाचं रक्त असेल तर सीरम नको. रक्त गोठताना प्लेटलेट्स स्वतःच्या पुटिका आणि पीडीजीएफ हा ग्रोथ फॅक्टर ओततात. सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतला प्लाझ्मा २,५०० जीला १५ मिनिटं, दोनदा. प्लेटलेट्स निघाल्याशिवाय फ्रीझरमध्ये ठेवलात की त्या फुटून सगळं मुसळ केरात.

इथले लोक १,००,००० जीला फिरवणाऱ्या अल्ट्रासेंट्रिफ्यूजचा तोरा मिरवतात. मिरवू द्या. त्यांना भर मे महिन्यात लोडशेडिंगमध्ये रन चालवायला सांगा! मधेच वीज गेली की पुटिका पुरत्या बसत नाहीत, बसलेला गाळही सैल होतो. आपल्याकडे सेफॅरोज सीएल-२बीचा (आकारानुसार कण वेगळे करणाऱ्या जेलच्या मण्यांचा) १० मिलिलिटरचा कॉलम भरावा. अर्धा मिलिलिटर नमुना वर सोडायचा, अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरचे भाग गोळा करायचे. पुटिका आधी उतरतात, सुटे ग्रोथ फॅक्टर मागून. वीज लागत नाही, आणि ही वेगळवणी तर गाळापेक्षा सरस. प्लाझ्मात मात्र पुटिकांच्याच आकाराचे लिपोप्रोटीन सोबत उतरतात, त्यामुळे त्यांच्यातलं एपोबी हे प्रथिन तपासल्याशिवाय कणांच्या मोजणीवर विसंबू नका.