जुने गोवे, सांकवाळ आणि अर्धं मन

गोव्याला चाललोय म्हटलं की लोक आधी विचारतात कुठला बीच, हॉटेल कुठलं, मासे कुठे चांगले मिळतात. आम्ही वसईचे कॅथलिक, आमच्या घरात गोवा म्हणजे आधी जुने गोवे आणि मग वेळ उरला तर बाकीचं. यावेळी मी, मिस्टर आणि माझी नणंद, नोव्हेनाच्या दिवसांत गेलो, म्हणजे ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांचं फेस्त (सण) असतं, त्याआधी २४ नोव्हेंबरपासून जी प्रार्थना चालते ना त्या काळात. ट्रेनने मडगाव, तिथून टॅक्सी. ड्रायव्हरदादा मालवणचे निघाले त्यामुळे रस्ताभर मराठीत गप्पा.

बॉम जीझस बॅसिलिकाच्या बाहेर मेणबत्त्यांच्या टेबलांवर मेणाचे हात, पाय, डोळे, छोटी बाळंसुद्धा विकायला असतात, ज्याचं जे दुखणं ते त्याने वाहायचं. तिथेच एका झाडाखाली सावंतवाडीकडून चालत आलेला ग्रुप बसला होता. त्यातले एक काका चपला काढून टाचांना पट्ट्या लावत होते, दोन्ही टाचा सोललेल्या, एका अंगठ्याचं नख काळं पडलेलं. मिस्टरांनी विचारलं, काका एवढं चालत कशाला, गाडी मिळाली नाही का? तर म्हणाले, "मुलगा सोडतो म्हणाला होता हो. पण नवस माझा, आणि पाय गाडीचे, असं कसं चालेल?" आणि परत पट्टी लावायला लागले.

मला ते उत्तर फार आवडलं. चालत जाण्यातच पुण्य आहे असं मला म्हणायचं नाहीये, आजारी माणूस गाडीनेच येणार. पण जे द्यायचं ठरवलं त्यातलं काही मागे ठेवायचं नाही हे काकांचं पक्कं होतं, आणि आपल्याकडे नेमकं तेच पातळ होत चाललंय असं मला मनापासून वाटतं. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चालू असताना बाकाखाली मोबाईल, उपवासकाळात चाळीस दिवस मासे-मटण बंद पण भावाशी जमिनीवरून बोलणं बंद ते बंदच, फेस्ताला लाखाचा मंडप आणि कामवालीचा पगार मात्र थकलेला. देवाला आपण नाही म्हणत नाही आणि धड होही म्हणत नाही.

बॅसिलिकात आत चांदीच्या पेटीत ज्यांचं शव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर पॅरिसला शिकलेले, तिथे शिकवतही होते, पुढे मोठी जागा मिळाली असती. १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरले ते हॉस्पिटलमध्ये रोग्यांची सेवा करत राहिले, हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यातून मुलांना धर्मशिक्षणाला बोलवायचे. आणि १० वर्षांनी ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, आत जायची वाट बघत बघत गेले. पण हेही लिहायलाच हवं की १५४६ मध्ये त्यांनीच पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेची चौकशी करून शिक्षा देणारं धर्मन्यायालय, मागितलं होतं. ते आलं १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. नवीन ख्रिस्ती झालेल्या माणसाने घरात गुपचूप जुना सण केला तर त्याला शिक्षा. म्हणजे आधी धाकाने, आमिषाने माणसं आत घ्यायची आणि मग त्यांचं मन अर्धं का म्हणून चौकशी लावायची. हे मला एक ख्रिस्ती म्हणून फार लागतं. पूर्ण मन मागायचा हक्क देवाला आहे, सरकारला नाही, आणि चर्चलाही जबरदस्तीने तो नाही.

तिथून थोडं चढून गेलं की सेंट ऑगस्टीनचा मोडका मनोरा. इथे फार कमी लोक येतात, येतात ते फोटो काढून जातात. जॉर्जियाची राणी केतेवान, इराणच्या शाह अब्बासच्या हुकमाने १६२४ मध्ये शिराझला छळ करून मारली, कारण तिने आपला धर्म सोडायला नकार दिला. तिच्या काही अस्थी ऑगस्टिनियन मिशनऱ्यांनी इथे आणून ठेवल्या होत्या. आपल्या पुरातत्त्व खात्याने उकरून काढलेल्या एका हाडाची हैदराबादला डीएनए तपासणी झाली, आणि २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिलं. नुसतं तोंडाने हो म्हटलं असतं तरी राणी जिवंत राहिली असती.

पण मला खरं सांगायचंय ते सांकवाळबद्दल. जुवारी नदीच्या बाजूला, वास्कोच्या रस्त्याने, आमच्या ड्रायव्हरदादांनासुद्धा एकदा विचारावं लागलं. तिथे जुन्या चर्चचा फक्त दर्शनी भाग उभा आहे, चर्च १८३४ मध्ये जळालं. दरवाजातून आत पाऊल टाकलं की वर आकाश आणि खाली गवत. नणंद म्हणाली, "वहिनी, हे बघ आपले ख्रिस्ती लोक, पुढून चर्च आणि मागे काही नाही." मला नाही पटलं. कारण याच सांकवाळच्या चर्चमध्ये १६७७ मध्ये एका तरुण धर्मगुरूने आपण स्वतःला कायमचं पवित्र मारियेचा गुलाम म्हणून देतोय असं लिहून सही केली होती, आणि तो शब्द काही जळाला नाही. ते संत जोसेफ वाझ (आमच्या वसईत वाझ आडनाव किती आहे, पण या वाझांबद्दल विचारा, अर्ध्यांना माहीत नसतं).

जन्म १६५१, बाणावलीचा. ते धर्मगुरू झाले तोवर सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, किनारा डचांनी घेतला होता, कॅथलिक धर्मगुरूंना तिथे बंदी, तिथल्या कॅथलिकांना कित्येक वर्षं मिस्सा नाही की पापनिवेदन नाही. हे ऐकल्यावर फादर वाझ १६८७ मध्ये गरीब मजुराच्या वेशात तुतिकोरीनहून होडीने निघाले. मागे पैसा नाही, सैन्य नाही, कुठला राजा नाही, उलट पकडले तर संपलंच. सिलोनच्या आतल्या भागात कँडीचं वेगळं राज्य होतं, तिथे त्यांना पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकलं. तमिळ आणि सिंहली शिकले, रात्री लपून मिस्सा करत फिरले, आणि १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली तेव्हा टाकून दिलेल्या रोग्यांना, कॅथलिक असो बौद्ध असो, स्वतः धुऊन पुसून सांभाळलं. परत गोव्याला आलेच नाहीत, १७११ मध्ये तिथेच गेले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं.

झेवियर यांच्यापेक्षा मला हे जास्त जवळचे वाटतात, कारण यांच्या हातात दुसऱ्यावर लादायला सत्ताच नव्हती, जे होतं ते फक्त स्वतःला देणं.

गवतात बसून नणंदेने विचारलं ते कोणीही विचारेल, "म्हणजे आम्ही काय करायचं? दोन मुलं, घराचा हप्ता, सासूबाईंचं औषधपाणी. सिलोनला जायचं?" मी म्हटलं, नाही गं, बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानात जिची गोष्ट आहे ती विधवा कुठे गेली नव्हती, मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकल्या तिने, पण होतं तेवढं सगळं. श्रीमंतांनी ढीग टाकला तो उरलेल्यातला. येशूने रक्कम बघितली नाही, मागे काय ठेवलं ते बघितलं. सासूबाईंना गोळी देताना कपाळाला आठी ठेवून द्यायची की नाही, इतकं घरातलं आहे ते. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, लावदिकीया गावच्या ख्रिस्ती मंडळीला कोमट म्हटलंय तेसुद्धा काही नास्तिकांना नाही, नेमाने चर्चला जाणाऱ्यांनाच म्हटलंय.

ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली वाझांवर मराठीत वाचायला काय मिळेल ते बघ.

जाणाऱ्यांसाठी: जुने गोवे नोव्हेनात करायचं तर पहाटेची मिस्सा गाठा, नंतर उभं राहायला जागा नसते. सांकवाळला सावली कमी आहे, सकाळीच जा, पाण्याची बाटली न्या, आणि विमानतळाच्या वाटेवर पाच मिनिटं उतरून बघू असं प्लॅनिंग करू नका, तिथल्या फादरांना वेळ असेल तर बसून ऐका.