इंजिन ऑइल सिंथेटिक की साधं? एकाच घरात दोन उत्तरं

ठाण्यातल्या मानपाड्याहून नवी मुंबईत महाप्याला रोज बाइकने जायचं म्हणजे माजिवडा, कळवा पूल, विटावा. या टप्प्यात बाइक चालते कमी, रांगते जास्त. ऐरोलीनंतर ठाणे-बेलापूर रोड मोकळा मिळाला तरच इंजिनाला वारा लागतो. माझी दीडशे सीसीची, एअर-कूल्ड. उन्हाळ्यात विटाव्याला पोचेपर्यंत गिअर कडक पडायचे आणि सिग्नलला न्यूट्रल काही केल्या लागायचं नाही. क्लच वायर नवी, प्लेटा ठीक. ऑइल बदललं की थोडे दिवस मलई, मग पुन्हा तेच.

म्हणून सिंथेटिकचा विचार सुरू केला. आमचा मेकॅनिक लगेच म्हणाला, "दादा, नका टाकू. क्लच स्लिप मारेल." त्याचा अनुभव खोटा नव्हता, पण त्यामागचं कारण वेगळं होतं. बाइकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच, तिघांना एकच ऑइल. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती क्लच प्लेटांना लागली की पकड सुटते. मग ते ऑइल सिंथेटिक असो वा मिनरल, म्हणजे साधं. डब्यामागे जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए२ लिहिलेलं असलं की ती भीती नाही. एमबी बहुतेक स्कूटरसाठी, कारण तिथे क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो.

खरी अडचण ग्रेडची, म्हणजे ऑइलच्या घट्टपणाची आली. मॅन्युअलमध्ये २०डब्ल्यू५० आणि दुकानदार सिंथेटिक म्हटलं की १०डब्ल्यू४० पुढे करणार. तापलेल्या इंजिनात ते ५० पेक्षा पातळ राहतं, आणि मला त्रास तर तापल्यावरच होता. बाइक वॉरंटीबाहेर होती, म्हणून १५डब्ल्यू५० घेतलं. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. थंड इंजिनाच्या त्या पहिल्या आकड्याची ठाण्यात कोणाला पडलीय? किंमत मात्र साध्याच्या दुपटीहून जास्त. त्यातही 'फुल्ली सिंथेटिक' लिहिलेले सगळे डबे एका जातीचे नसतात. काहींचं मूळ तेल खनिज तेलच, हायड्रोक्रॅकिंगने, म्हणजे हायड्रोजनच्या प्रक्रियेने भरपूर शुद्ध केलेलं. काहींचं पीएओ किंवा एस्टर, म्हणजे रसायनांपासून बनवलेलं. डब्यावर हे सहसा सरळ लिहीत नाहीत.

फरक पडला. पिकअप वाढला वगैरे लोक सांगतात, तसं मला काही जाणवलं नाही. पण गिअर मऊ राहिले आणि ते बरेच दिवस टिकलं. मल्टिग्रेड, म्हणजे अशा दोन आकड्यांच्या ऑइलमध्ये घट्टपणा टिकवायला पॉलिमर घालतात, आणि गिअरचे दात तेच पॉलिमर चिरडत राहतात. चांगल्या सिंथेटिकला ते मुळात कमी लागतात, शिवाय उष्णताही ते जास्त सोसतं.

म्हणून दुप्पट किलोमीटर चालवायचं, हे मात्र मी केलं नाही. मीटर किलोमीटर मोजतो, माजिवड्याच्या जाममध्ये सुरू असलेल्या इंजिनाचे तास नाही मोजत. मॅन्युअलमधल्या अंतरालाच बदलतो. पैसे वाचतात असं कोणी म्हणालं तर माझ्या हिशोबात तरी नाही; मी पैसे गिअरसाठी मोजतो.

हे बघून धाकट्या भावालाही सिंथेटिक हवं झालं. त्याची शंभर सीसीची, १०डब्ल्यू३० वाली. जातो कोलशेत रोडला, म्हणजे इंजिन नीट तापायच्या आत पार्किंग. अशा छोट्या फेऱ्यांत ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जायला वेळच मिळत नाही. डबा कितीही महाग आणा, ऑइल खराब होणारच. त्याला म्हटलं, साधंच टाक, पण किलोमीटर भरायची वाट न बघता लवकर बदल. तो नाराज झाला. मग मेकॅनिकनेही तेच सांगितलं, तेव्हा पटलं.

डबा मी स्वतः घेऊन जातो, सील समोर फोडायला लावतो आणि इंजिन गरम असतानाच जुनं काढायला सांगतो. रिकाम्या डब्याला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडतो, कारण त्यात भलतंच ऑइल भरून विकणारे आहेत. मेकॅनिक हसतो, हसू दे.