मोशेचं तेल राहिलं, हिराबोळ जमला : माझे धूपप्रयोग, नोंद 6

मागच्या नोंदीत मी तोऱ्यात लिहिलं होतं की पुढच्या वेळी बायबलमधलं अभिषेकाचं तेल करून दाखवते. केलं नाही. तयारी सगळी झाली आणि ऐनवेळी हात आखडता घेतला.

बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या 30व्या अध्यायात देवाने मोशेला सांगितलेली कृती अगदी वाण्याच्या यादीसारखी दिली आहे: पातळ गंधरस 500 शेकेल, दालचिनी 250, सुगंधी बोरू 250, तज 500 आणि हिनभर (हिन हे जुनं माप) जैतुनाचं तेल. शेकेल साधारण 11.4 ग्रॅमचा धरला तर नुसता गंधरसच 5.7 किलो होतो. मी प्रमाण तेवढं उचललं. हिराबोळ (म्हणजेच गंधरस) आणि तज 20-20 ग्रॅम, दालचिनी आणि वेखंड 10-10. 'सुगंधी बोरू' म्हणजे नक्की काय यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कोणी वेखंड म्हणतात, कोणी गवती चहाच्या जातीचं गवत. मी वेखंडाच्या बाजूने, कारण भाच्याच्या बाळगुटीतलं कांडं घरात उरलं होतं. दालचिनी घेताना मात्र बघून घ्या. बाजारात त्या नावाखाली बहुतेक वेळा तजच मिळते. खरी दालचिनी पातळ, विडीसारखी पदर पदर गुंडाळलेली असते, तज जाड आणि एकाच पदराची.

चारही पुड्या वस्त्रगाळ करून ताटलीत मांडल्या होत्या, तेवढ्यात शेजारच्या मावशी आल्या. त्या दर रविवारी चर्चला जाणाऱ्या, बायबल अर्धंअधिक तोंडपाठ.

"काय गं कुटतेस सकाळपासून?"

मी सांगितलं. त्या हसल्या. "पुढची वचनं वाचली नाहीस वाटतं."

नव्हती वाचली. पुढे स्पष्ट ताकीद आहे की याच प्रमाणात दुसरं तेल करायचं नाही, जो करील त्याला समाजातून तोडून टाकावं. त्याच अध्यायातल्या धुपालाही तोच नियम, आणि तिथे तर म्हटलंय की वास घेण्यासाठी म्हणून कोणी तसा करू नये. आता आपला छंदच मुळी वास घेण्याचा! मावशी रागावल्या नाहीत, पण त्यांच्यासमोर तेल ओतायला माझं मन होईना. पुड्या अजून मिसळलेल्या नव्हत्या, चार बरण्यांत परत गेल्या. या खेपेला एकेक जिन्नस सुटा जाळून पाहिला, आणि खरं सांगायचं तर त्यातच जास्त कळलं.

सुरुवातच फसली. काष्ठौषधींच्या दुकानात घाईघाईत नुसतं "बोळ द्या" म्हटलं, आणि आला काळा बोळ. तो म्हणजे कोरफडीचा आटवलेला रस. निखाऱ्यावर टाकल्यावर असा कडवट, जळका धूर झाला की कुकरची शिट्टी व्हायच्या आत सगळ्या खिडक्या उघडल्या. गंमत म्हणजे बायबलच्या वाचकांचाही हाच घोटाळा झालेला आहे. इंग्रजी बायबलात 'अलोज' वाचून कित्येकांना कोरफड वाटते, पण मूळ हिब्रू 'अहालोत' म्हणजे अगराचं लाकूड असं मानतात, आणि तो शब्द आपल्या अगरूशी नात्यातला. 'ऊद'सुद्धा असाच चकवा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात ज्ञानी लोक बाळ येशूला सोनं, ऊद व गंधरस देतात. तो ऊद अरबस्तानाकडच्या सालईच्या भावंडाचा डिंक. दुकानात ऊद मागाल तर लोबान हातात पडेल, आणि अत्तरवाला ऊद म्हणजे अगर समजेल. तेव्हा मागताना 'सालईचा डिंक' म्हणा. सातपुड्यातली सालई त्याच कुळातली. वास थोडा लिंबाकडे झुकणारा, स्वच्छ. बायबलातल्या या उदाचं हिब्रू नावच 'पांढरा' या शब्दावरून आलंय.

आता हिराबोळ. हा गंधरस. खलात घातला की चिकटतो, बत्त्याला लडबडतो, दहा मिनिटांत त्याची चिक्की होते. उपाय: तासभर फ्रीझरमध्ये ठेवायचा, खलसुद्धा, आणि चमचाभर एवढाच एका वेळी. तल्मूद या ज्यूंच्या धर्मग्रंथात एक सुरेख तपशील आहे. मंदिरातला धूप कुटताना शेजारी उभा असलेला माणूस "बारीक नीट, नीट बारीक" असं म्हणत राही, कारण आवाज मसाल्यांना चांगला. मी म्हणून पाहिलं. मसाल्यांचं माहीत नाही, हाताला लय मात्र लागली.

निखाऱ्यावर थेट टाकू नका, करपतो. वर राखेचा थर, त्यावर अभ्रकाची चकती, त्यावर दोन रवे. आधी गोडसर, औषधी वास येतो, मग हळूहळू कडू होत जातो. हिब्रू 'मोर' या नावातच कडूपणा आहे. तो कडू होताना बसून बघितला तेव्हा बायबलमध्ये हा कुठे कुठे भेटतो ते आठवत गेलं. याजकाच्या अभिषेकात आहे. राजाकडे जाण्याआधी एस्तेरला (पुढे राणी झालेल्या ज्यू मुलीला) सहा महिने याचंच तेल लावतात. नीतिसूत्रांच्या सातव्या अध्यायातली परपुरुषाला भुलवणारी बाई आपल्या बिछान्यावर गंधरस, अगरू आणि दालचिनी शिंपडते, म्हणजे मोशेच्या यादीतले दोन जिन्नस! मग पाळण्याशी भेट म्हणून, वधस्तंभाशी द्राक्षारसात मिसळून, आणि शेवटी येशूला मानणाऱ्या निकदेमाने आणलेल्या शंभरेक लित्रांत (लित्रा हे जुनं वजन), म्हणजे तीसेक किलोंत, येशूच्या कबरीसाठी. गंधरस म्हणजे दुःख असं एका ओळीचं समीकरण मांडणारी पत्रकं मला म्हणूनच पटत नाहीत. बोळ तोच, मांडला कुठे त्यावर अर्थ ठरतो.

जटामांसीने मात्र हिरमोड केला, निदान पहिल्या दिवशी. बेथानी गावात मरीया (लाजराची बहीण, येशूची आई नव्हे) येशूच्या पायांना जे तेल लावते ते हेच, हिमालयातल्या मुळाचं. लित्राभर, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅम, आणि किंमत तीनशे दिनार, मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. एवढं म्हटल्यावर मी गुलाब-मोगऱ्याची अपेक्षा धरून बसले होते. निघाला ओल्या मातीचा, पावसाळ्यात ट्रंकेतून काढलेल्या गोधडीचा वास. दोन थेंब कोमट तिळाच्या तेलात टाकून वाटी खिडकीत ठेवली नि विसरले. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर चपलांच्या कपाटापर्यंत तोच वास, पण आता मऊ, गोडसर. ही गोष्ट सांगणारा शुभवर्तमानकार योहान म्हणतो की घर सुगंधाने भरून गेलं. दोन थेंबांत हे, तर सव्वातीनशे ग्रॅममध्ये काय झालं असेल?

धुपाच्या कृतीतला गालबान अजून मिळालेला नाही. हिंगाच्या कुळातला डिंक, एकदा हुंगला होता, कच्च्या मटाराच्या शेंगेसारखा तिखट-हिरवा. तल्मूद त्याला दुर्गंधीच म्हणतं आणि तरी धुपात तो हवाच असं सांगतं: ज्या उपासात पापी माणसं सामील नाहीत तो उपास खरा नाही. नखला (समुद्री शंखाचं झाकण, तोही धुपाच्या कृतीतला) जाळून पाहिला. जळक्या केसांचा वास. पुढे जाऊ.

पुढची खेप गंधसरू आणि एजोबाची. बायबलात कुष्ठरोग्याच्या शुद्धीत दोन्ही एकत्र लागतात: लबानोनचं उंच झाड आणि भिंतीच्या फटीत उगवणारं झुडूप. राशी हा जुना भाष्यकार म्हणतो, गंधसरू म्हणजे माणसाचा ताठा, एजोब म्हणजे खाली वाकणं. लबानोनचं लाकूड मला कुठून मिळणार, म्हणून त्याच्या सख्ख्या भावाचा, देवदाराचा, पावशेर भुसा आणलाय.

मावशींना डबा उघडून दाखवला. त्यांनी डोळे मिटून हुंगला. "अगदी शलमोनाचं मंदिर!" म्हणाल्या, आणि मग, "मूठभर दे गं पुरचुंडीत. लोकरीच्या कपाटाला कसर लागलीय."